शटडाऊन रद्द

काम अगदी साधं होतं. एक कॉम्प्युटर बंद करून द्यायचा.

एवढ्याशा कामासाठी कुणी माणूस बोलावत नाही, हे मलाही कळत होतं. पण फोन काकांच्या लेकीचा होता, आणि त्या घराला नाही म्हणणं मला जमलं नसतं. दिवसाउजेडी गेले होते मी. लख्ख ऊन होतं, रस्त्यात माणसं होती, खालच्या मजल्यावर कुणीतरी गाद्या झटकत होतं. हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टी रात्रीच घडतात असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. माझा त्याच दुपारी निघाला. दिवा मात्र असाच जळू द्या. सांगून होईपर्यंत तरी.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. आजारपणात ज्यांची वाचा जाते, त्यांना बोलण्यासाठी मी यंत्रं बसवून देते. काका रेल्वे स्टेशनवर घोषणा करायचे. गाडी कुठल्या फलाटावर येतेय, किती उशीर आहे, कुणाचं मूल हरवलंय, सगळं त्यांच्या आवाजात. आख्खं गाव त्यांना चेहऱ्याने नाही, कानाने ओळखायचं. आवाज भरदार, शब्द सुटे सुटे, आणि वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरणारा सूर. काकू थट्टा करायच्या, "हे नुसतं मीठ मागतात तरी वाटतं, पिशव्या उचलून पळायला हवं."

मग ते दुखणं आलं. आधी हात गेले, मग पाय. जीभ जड व्हायला लागली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. आवाज पुरता जाण्याआधी मी तो साठवून घेतला. वर्कशॉपमागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, त्यांना मधे बसवलं आणि ढीगभर वाक्यं वाचून घेतली. पुढे शरीर लुळं पडलं. एका गालाचा स्नायू तेवढा हलायचा. तिथे चिकटवलेलं बटण ते दाबायचे, स्क्रीनवर अक्षरं सरकायची, आणि पलंगाखाली ठेवलेला कॉम्प्युटर ते शब्द त्यांच्याच आवाजात बोलायचा. पहिल्या दिवशी त्यातून "पोरी, शाब्बास" असं ऐकू आलं, तेव्हा मी रडले होते. खोटं कशाला सांगू.

माझ्याशी ते असं गोड बोलायचे. काकूंच्या वाट्याला एवढे शब्द येत नसत. पाणी. कूस. ऊठ. झालं. एकेका अक्षराला ज्याचा जीव निघतो तो माणूस गप्पा काय मारणार, असं आम्ही सगळेच म्हणायचो. काकू मात्र रात्रंदिवस त्या शब्दांवर उठत होत्या, बसत होत्या. पावसाळा सरता सरता काका गेले. शेजारपाजारच्या बायका हळूच म्हणाल्याही, ते सुटले आणि तीही सुटली.

आणि आता हिवाळ्यात हा फोन.

"ताई, आई कॉम्प्युटर बंद करू देत नाहीये," लेक म्हणाली. ती परगावी असते. आईला आपल्याकडे न्यायला म्हणून आली होती. "दिवसभर त्या खोलीत बसून असते. धड जेवत नाही, झोपत नाही. नुसती काडी झालीय."

"वायर काढून टाक ना."

"काढली होती परवा. सकाळी बघते तर आईने परत लावलेली. आणि वीज मिळाली की तो आपला आपण सुरू होतो."

ते मीच तसं करून ठेवलं होतं. वीज जाऊन आल्यावर काकांना मुकं पडून राहावं लागू नये म्हणून.

"शिवाय..." तिने आवाज खाली आणला. "तो मधूनच बोलतो. बाबांच्या आवाजात. काहीतरी बिघाड असेल ना?"

"बटणाची वायर खराब झाली असेल. आपोआप दाबलं जात असेल," मी म्हटलं. तसं होतं कधीकधी.

काकूंचं मन न दुखवता काम उरकायचं, असं आम्ही ठरवलं. मी स्वयंपाकघरात बसून माझा लॅपटॉप त्या कॉम्प्युटरला जोडणार. काकांच्या आवाजाची प्रत काढून लेकीला देणार. मग त्याचं ते आपोआप सुरू होणं थांबवणार, आणि तिथूनच त्याला बंद व्हायचा हुकूम सोडणार. त्यासाठी त्या खोलीत जायचीही गरज नसते. लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडते, तीत एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं.

लेकीने दार उघडलं आणि पहिल्यांदा आला तो वास. स्पिरिट, टाल्कम पावडर, आणि त्यांच्याखाली दबलेला, अंथरुणाला खिळलेल्या शरीराचा कोमट आंबूस वास. माणूस जाऊन महिने लोटलेल्या घरात तो शिळा होऊन कुठेतरी उरला असता, तर मला समजलं असतं. पण तो ताजा होता.

काकू पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. पलंगावर मेणकापड, त्यावर पांढरीशुभ्र चादर, उशी, आणि टेबलावर नळी घातलेला पाण्याचा पेला. स्क्रीन काळी होती. ती केव्हाच बिघडली होती म्हणे. पलंगाखाली मात्र हिरवा दिवा जळत होता आणि बारीक घरघर चालू होती.

"काकू, कशा आहात?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू... आत्ताच डोळा लागलाय."

कुणाचा, हे मी विचारलं नाही. माझी नजर बटण शोधत होती. ते खिडकीच्या कट्ट्यावर पडलं होतं, वायर गुंडाळून, वर रबर लावून. काका गेले त्याच दिवशी लेकीने काढून ठेवलेलं. म्हणजे त्या कॉम्प्युटरला काहीच जोडलेलं नव्हतं. बटण नाही, कीबोर्ड नाही. दाबलं जाईल असं काहीच नाही.

मी गपचूप स्वयंपाकघरात येऊन बसले.

लॅपटॉप लगेच जोडला गेला. आवाजाची प्रत निघायला लागली. त्या मशीनवर आत्ता कोण आहे आणि त्याने शेवटची कळ कधी दाबली, हे विचारायचीही एक कमांड असते. हाताच्या सवयीने मी ती दिली. उत्तरात काकांचं खातं दिसलं. ते दिसायचंच, मशीन सुरू होताना त्याच खात्यात शिरतं. पण त्यापुढे मशीन शेवटचं सुरू झाल्यापासूनचा काळ दिसायला हवा होता. तिथे काळच नव्हता. म्हणजे कळ दाबली गेली होती ती आत्ता.

मी पुन्हा विचारलं. आत्ता.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"काही नाही. घड्याळ चुकलंय वाटतं."

प्रत काढून झाली. आपोआप सुरू होणंही मी काढून टाकलं. तेवढ्यात काकू रिकामा पेला घेऊन आल्या आणि आमच्याकडे पाठ करून नळाशी उभ्या राहिल्या. मी लॅपटॉप जरा वळवून घेतला. लेकीने मला डोळ्यांनी खूण केली, उरकून टाक. मी शटडाऊन असं लिहिलं, पुढे एका मिनिटाची मुदत घातली आणि एंटर दाबलं.

एक गोष्ट मी साफ विसरले होते. दुरुस्तीसाठी मशीन बंद किंवा रीस्टार्ट करायच्या आधी काकांना कळावं, एकाएकी वाचा गेली म्हणून ते घाबरू नयेत, यासाठी मशीनची सूचना मोठ्याने वाचली जाईल अशी सोय मी केली होती. त्यांच्याच आवाजात.

भिंतीपलीकडून घोषणा झाली.

"कृपया लक्ष द्या. ही यंत्रणा एका मिनिटात बंद होत आहे."

तोच भरदार आवाज. सुटे सुटे शब्द. शेवटी तसाच खाली उतरलेला सूर. लेकीने ओट्याची कड घट्ट धरली. काकूंच्या हातातला पेला भरून वाहायला लागला तरी त्या हलल्या नाहीत.

मग त्या रिकाम्या खोलीत पलंग करकरला.

"नको," आवाज म्हणाला. हा घोषणेतला नव्हता. घरातला होता.

माझ्या काळ्या खिडकीत एक नवी ओळ उमटली. शटडाऊन रद्द.

आम्ही तिघीही इथे होतो. मी, लेक आणि नळापाशी काकू. मी त्या ओळीकडे बघत राहिले. आपण चुकून काही दाबलं का, म्हणून हात उचलून मांडीवर ठेवले.

"पाणी."

काकू झटक्यात वळल्या आणि पेला घेऊन निघाल्या. झोपेत चालणाऱ्या माणसासारख्या. मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. त्या पलंगावर वाकल्या, एक हात उशीच्या थोडा वर धरला, कुणाचं डोकं तोलून धरावं तसा, आणि दुसऱ्या हाताने पेला पुढे केला. नळी पारदर्शक होती. पेल्यातलं पाणी कमी झालं की नाही, ते मी पाहिलं नाही. नळीतून ते वर चढताना दिसलं. तेवढं पुरे झालं.

मी परत लेकीपाशी आले. तेवढ्यात काकूही आल्या, त्यांनी दार लोटून घेतलं आणि नळ पूर्ण सोडला. पाणी धडाधडा सिंकमध्ये आपटायला लागलं. त्या आवाजाआड त्या आमच्या अगदी जवळ येऊन कुजबुजल्या.

"बंद करायला आलीयस ना?"

"काकू, तुम्हाला नको असेल तर मी..."

"मला नको?" त्या हसल्या. आवाज न करता. "वायर मी परत का लावली, ते विचारलं का हिने मला?"

त्यांनी बाही वर केली. काडीसारख्या दंडावर निळेजांभळे वळ होते. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला.

"ही वायर काढून झोपली ना, त्या रात्रीचं आहे. आवाज असला की हे हाक मारतात गं. नसला की... स्वतः येतात उठवायला."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, बाबांची बोटं हलत नव्हती."

"आता हलतात."

नळ वाहत होता. लेकीने आईचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि वळांवर गाल टेकला. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बाप आहे तुझा." काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. "ऐक, मी ठरवलंय. हे आजवर घराच्या दारापर्यंत आलेले नाहीत. मी कचरा टाकायला जिन्यात जाते, तेवढाच काय तो मोकळा श्वास. माझी पिशवी भरून तयार आहे, कपाटामागे. हिची गाडी खाली आहे. तू बंद कर आणि लगेच निघू आपण, ऊन आहे तोवर."

"मग तसेच निघू या ना," मी म्हटलं. "बंद कशाला करायचा?"

"दोनदा निघाले होते. उंबऱ्यावर असताना मागून हाक आली." त्यांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "हाक आली की माझे पाय वळतात. एवढ्या वर्षांची सवय आहे. मला नाही थांबवता येत... हाक येता कामा नये."

लेक कपाटामागची पिशवी घेऊन आली, गाडीची किल्ली मुठीत धरली. मी लॅपटॉप पुढे ओढला. या वेळी मुदत द्यायची नाही. शटडाऊन, लगेच. लगेच म्हटलं की मधे कुणाला रद्द करायला सवड मिळत नाही. ओळ लिहून झाली. माझं बोट एंटरवर आलं.

"पोरी."

नळ एवढा वाहत असूनही स्पष्ट ऐकू आलं. जणू आवाज भिंतीपलीकडून नाही, भिंतीतून येत होता.

"थांब."

"काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अंधार... होतो."

त्यात घोषणा नव्हती, हुकूम नव्हता. घाबरलेला माणूस होता. तो आवाज मी एकेक अक्षर वेचून जपलेला होता. गाद्या लावलेल्या त्या खोलीत ते मधूनच थकून थांबायचे आणि लहान मुलासारखे विचारायचे, राहील ना गं हा? आणि मी म्हणायचे, राहील काका. माझं बोट कळेवर टेकलेलं होतं आणि ते खाली जाईना.

काकूंनी माझ्या खांद्यावरून हात पुढे घातला. त्यांचं ओलं, सुरकुतलेलं बोट माझ्या बोटावर आलं. त्यांनी दाबलं.

"कृपया लक्ष..."

एवढंच. मग घरघर उतरत उतरत गेली आणि थांबली. माझ्या खिडकीत, संपर्क तुटला, अशी ओळ आली. काकूंनी नळ बंद केला. ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही. घर नाही, एखादी बंद पेटी असावी आणि आपण तिच्या आत असावं, तशी.

मग खोलीतलं मेणकापड चरचरलं. हळूहळू, मधून कडेकडे. आणि फरशीवर काहीतरी टेकलं. मऊ. आधी एक, मग दुसरं.

"चला," काकू म्हणाल्या.

बाहेरच्या दाराची वाट त्या खोलीवरूनच होती. लेकीने आईला पुढे घातलं, मी मागे, लॅपटॉप छातीशी धरून. खोलीच्या दाराशी तो वास दाट झाला होता, अंगाला चिकटेल असा. मी मान वळवली नाही. काकूंनी चपला घातल्या नाहीत. उंबऱ्याशी त्यांचं पाऊल अडलं. क्षणभर वाट पाहिली त्यांनी. सवयीने. हाक आली नाही. त्यांनी उंबरा ओलांडला. लेकीने धाडकन दार ओढून कुलूप घातलं, आणि आम्ही तिघी जिना उतरलो तशा पायऱ्या मी लहानपणीही उतरले नसेन.

खाली सगळं जागच्या जागी होतं. ऊन होतं. गाद्या झटकणारा माणूस आता त्या उचलून आत नेत होता. आम्हाला धापा टाकताना बघून त्याने विचारलं, "काय झालं? लिफ्ट बंद आहे का?" त्या इमारतीला लिफ्ट नव्हतीच. काकूंना हसू फुटलं. लेकीलाही. मग मलाही. आम्ही त्या फुटपाथवर वेड्यासारख्या हसत उभ्या होतो आणि लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढच्या सीटवर लेकीचं सामान होतं, म्हणून काकू मागे बसल्या. खिडकीची काच खाली करून त्यांनी बाहेरची हवा छाती भरून घेतली. त्यांच्या गालांवर रंग आलेला मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते.

"भूक लागलीय गं," त्या लेकीला म्हणाल्या. "वाटेत काहीतरी खाऊ या. गरमागरम." मग माझा हात धरला. "सुटले बघ मी."

"पोचल्यावर फोन करा," मी म्हटलं.

लेकीने गाडी सुरू केली. ती पुढे रस्त्याकडे बघत होती, डोळे पुसत होती. म्हणून तिला काही दिसलं नाही. मी खिडकीशी उभी होते, मला दिसलं.

काकूंनी माझा हात सोडला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचं माणूस निघून गेलं. त्या गुडघे आवळून माझ्या बाजूच्या दाराकडे सरकल्या. सीटवर जागा करून दिल्यासारख्या. पलीकडचं दार कुणी उघडलं नव्हतं.

दुपार कलली होती. पलीकडच्या खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं, थेट त्या रिकाम्या अर्ध्या सीटवर. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि उन्हाला आडवी केली. विचार करून नाही. आपसूक.

शालीची सावली सीटच्या पाठीवर पडायला हवी होती. ती तिथवर पोचली नाही. अलीकडेच, रिकाम्या हवेत, बसलेल्या माणसाच्या छातीवर पडावी तशी पडली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत संथपणे वर-खाली होत राहिली.